बाईचा हुकूम आणि आपली पोरं

लावणी उरकली असेल, कंबर अजून धरलेली असेल. हातातलं काम असू दे हातात, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही तुमच्याशी फौजेतल्या हुद्द्यांबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय त्याचं? आपण बचत गटाच्या बाया, आपला हिशोब हप्त्याचा आणि कर्जाचा. पण आपल्याला त्याच्याशी काम आहे. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात फौजेतल्या बायकांच्या हुद्द्याचा खटला चालला, तेव्हा त्यात आपलं नाव निघालं. आपलं म्हणजे गावाचं. गावच्या पोरांचं, आणि त्या पोरांना वाढवणाऱ्या घरांचं. काय नाव निघालं ते सांगतोच. पण आधी हे हुद्दे म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे फौजेतला कुणीही सुट्टीवर आला की आपण त्याला सरसकट 'मेजर' म्हणून मोकळ्या होतो!

तर फौजेत भरती झालेला मुलगा आता आधी अग्निवीर असतो, कायम झाला की शिपाई. मग लान्स नाईक, नाईक, हवालदार. त्याच्या वर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. हे सगळे शिपायापासून चढत गेलेले असतात. याच्या वर अधिकारी. ते परीक्षा देऊन, प्रशिक्षण घेऊन थेट अधिकारी म्हणून येतात. पहिला हुद्दा लेफ्टनंट, खांद्यावर दोन तारे. मग कॅप्टन, तीन तारे. मग मेजर, खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह. त्यावर लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, आणि सगळ्यांच्या वर जनरल, म्हणजे लष्करप्रमुख.

यातले नाईक आणि हवालदार हे शब्द आपल्याला परके नाहीत. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक असायचा. पाच नाईकांवर एक हवालदार. दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, आणि सगळ्यांवर सरनोबत. आपल्या चौकची माणसं ज्यांना अभिमानानं आपलं म्हणतात, ते नेताजी पालकर सरनोबत होते. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातले, माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या तुकडीतले सगळे जण पडले किंवा जखमी झाले, तेव्हा हा नाईक एकटा मशीनगनवर धावून गेला आणि तिथंच कामी आला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातलं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. नाईकाचा हुद्दा खालचाच. पण मान हुद्द्यावरच ठरत नाही, हे आपल्या जिल्ह्याला माहीत आहे.

आता अधिकाऱ्यांकडे येऊ. बाहेरून बघितलं तर त्यांचं सगळं झकास वाटतं. कडक इस्त्री, चकचकीत बूट, येता-जाता सलाम. आतली रड वेगळी असते. दोन-तीन वर्षांनी बदली. सामानाच्या पेट्या उघडेपर्यंत पुन्हा बांधायची वेळ. मुलांची शाळा दर वेळी नवी. आणि बढतीचं गणित असं, की लेफ्टनंट कर्नलपर्यंतचा हुद्दा नोकरीची वर्षं मोजून मिळतो. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. त्यापुढे मात्र निवड. कर्नलच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. भाताच्या उडवीसारखं आहे ते, खाली रुंद आणि वर टोक. चांगलं काम केलेली कितीतरी माणसं त्या टोकाखालीच थांबतात. त्यांच्या मागून आलेला पुढे जातो आणि मग त्यालाच सलाम करावा लागतो. हे पुरुष अधिकाऱ्यांचं दुःख. ते खरंच आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही.

त्यांच्या बायकांचं आणखी वेगळं. फौजेच्या कागदावर बायकोला हुद्दा नसतो. पण छावणीत कोण कुठं बसणार, कुणाला आधी चहा जाणार, हे पुष्कळदा नवऱ्याच्या खांद्यावरच्या ताऱ्यांवरून ठरतं. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्याकडे पाटलाची बायको पाटलीण, मास्तरांची बायको मास्तरीणबाई. तिनं कधी शाळेत पाऊल टाकलं नसलं तरी मास्तरीणबाई. नवऱ्याच्या मानातला तुकडा आपल्याला मिळतो आणि नवरा गेला की तो तुकडाही जातो.

म्हणून साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांची गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला काश्मीरमध्ये कुपवाड्याला अतिरेक्यांशी लढताना शहीद झाले. दोन लहान मुलं पदरात. स्वातीताईंनी फौजेत जायचं ठरवलं. वय अटीपेक्षा जास्त होतं, त्यांच्यासाठी ती अट शिथिल झाली. चेन्नईला प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. लक्षात घ्या, पती कर्नल होते, पण त्यांनी सुरुवात केली ती सगळ्यात खालच्या अधिकारी हुद्द्यापासून. कर्नलची बायको म्हणून मिळणारा मान मोठा दिसत असेल, पण तो उसना होता. खांद्यावरचे हे दोन तारे त्यांनी स्वतः कमावलेले.

आता त्या खटल्याकडे वळू.

डॉक्टर आणि नर्स म्हणून बायका फौजेत आधीपासून होत्या. इतर कामांसाठी बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात झाली १९९२ साली. पण कायमची नोकरी नाही. आधी पाच वर्षांची बोली, मग वाढवत वाढवत जास्तीत जास्त चौदा वर्षं. आणि अधिकाऱ्याला पेन्शन बसते वीस वर्षांनी. करा हिशोब. आपल्या गटात बिनशिकलेली बाईसुद्धा हा हिशोब तोंडी करेल. चौदा वर्षं ऊन-पाऊस बघायचा, सीमेवर राहायचं, आणि ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर पेन्शनशिवाय घरी यायचं. बरोबर लागलेला पुरुष मात्र कायम होणार, पुढे चढणार. बाई कितीही हुशार असली तरी तुकडीची प्रमुख होणार नाही, कारण तसा नियमच नव्हता.

२००३ साली बबिता पुनिया नावाच्या वकील बाईंनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. पुढे फौजेतल्या महिला अधिकारीही त्यात आल्या. २०१० मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणखी दहा वर्षं गेली. नोकरी चौदा वर्षांची आणि भांडण सतरा वर्षांचं!

आणि तिथं सरकारच्या बाजूनं लेखी काय सांगितलं गेलं? बायकांना घरची जबाबदारी असते, बाळंतपण असतं, शरीर नाजूक असतं, हे तर होतंच. त्याबरोबर असंही होतं की फौजेतले जवान बहुतेक गावाकडचे आहेत, त्यांच्या समाजाच्या रीती तशा आहेत, म्हणून तुकडीवर बाईचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही.

ऐकलंत? गावाकडचे जवान, म्हणजे आपली पोरं. कुणाचा भाऊ, कुणाचा दीर, कुणाचा लेक. बाईला वर चढू द्यायचं नाही, आणि कारण म्हणून बोट दाखवायचं गावाकडे.

आम्ही हे पहिल्यांदा वाचून एकमेकींना सांगितलं तेव्हा काहीजणी चिडल्या. एकजण म्हणाली, "अगं, माझा पोरगा चार वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या हुकमावर आवणात उतरतोय!" ते खरंच आहे. लावणीत मुठी कुणी टाकायच्या, कुठल्या खाचरात आधी शिरायचं, हे आपल्याकडे बाईच सांगते. पुरुषसुद्धा मुकाट ऐकतात, कारण तिला कळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग बाईचा हुकूम आपल्या पोरांना नवा कसा?

पण दुसरी एक जण शांतपणे म्हणाली, "आवणात ऐकतो गं. घरात ऐकतो का?" त्यावर सगळ्याच गप्प झाल्या. जेवताना पाणी उठून कोण आणतं, भाऊ की बहीण? आई काही बोलायला लागली की "तुला काय कळतंय" असं म्हणणारा बाप पोरगा रोज बघतो की नाही? न्यायालयात जे सांगितलं गेलं ते अन्यायाचं होतं. पण ते अगदीच हवेतून आलेलं नव्हतं, हेही आपण आपल्यापुरतं मान्य करूया.

आता तुम्हाला आपल्याच खालापूर तालुक्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. खोपोली-पाली रस्त्यावरून आत चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. दर वर्षी २ फेब्रुवारीला तिथं कार्यक्रम होतो, तुमच्यातल्या काहीजणी गेल्याही असतील. १६६१ साली मोगलांचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याकडून कुरवंडे घाटानं कोकणात उतरत होता. शिवाजी महाराजांनी त्याला या खिंडीत गाठलं. दोन्ही बाजूंना डोंगर, दाट रान, पुढची वाट बंद, मागची वाट बंद, प्यायला पाणी नाही. हे सगळं आपल्या पोरांना पाठ असतं.

पण त्या मोगल फौजेत एक बाई होती, तिची आठवण क्वचितच निघते. माहूरच्या देशमुख घराण्यातल्या सावित्रीबाई. पतीच्या मागे त्यांनी स्वतः फौज सांभाळली. मोगलांनी त्यांना 'रायबाघन' किताब दिला होता. बाघन म्हणजे वाघीण. कर्तबगारीवर मिळवलेला हुद्दाच म्हणा ना. खिंडीत कोंडी झाल्यावर खानानं या रायबाघनला विचारलं, आता काय करू? 'शिवभारत' या जुन्या ग्रंथात हा प्रसंग आहे. तिनं त्याला स्पष्ट सुनावलं, की या रानात फौज घेऊन शिरलास तिथंच चुकलास; आता हट्ट सोड, महाराजांकडे दूत पाठव आणि सगळ्यांचा जीव वाचव. खानानं ऐकलं. जवळचं सगळं दिलं, अभय मागितलं, महाराजांनी ते दिलं आणि फौज जिवंत परत गेली.

ती शत्रूच्या बाजूची, हे खरं. तरी आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. एक, साडेतीनशे वर्षांपूर्वी बाईच्या हुकमाखाली फौज आपल्याच घाटातून उतरली होती. ते शिपाईही कुठल्या ना कुठल्या गावचेच असणार. दुसरी, खालच्या शिपायांनी तिचं ऐकलं नाही म्हणून ही पाळी आली नव्हती. वर बसलेल्या खानानं तिला विचारलं ते पाणी गळ्याशी आल्यावर.

आणि मैत्रिणींनो, आजही पुष्कळदा तसंच असतं. आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. बाई सरपंच झाली तर गावातला मजूर, गावातली म्हातारी तिच्याकडे गाऱ्हाणं घेऊन येते, तिला 'सरपंचताई' म्हणते. पण एखाद्या कार्यालयात ती कागद घेऊन गेली की खुर्चीतला साहेब तिच्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "मिस्टर नाही आले का?" आमच्यातल्या दोघींनी हे स्वतः ऐकलंय. नाव खालच्यांचं होतं, अडवतो मात्र बहुतेक वरचा.

सर्वोच्च न्यायालयानं १७ फेब्रुवारी २०२० ला निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी बाईच्या शरीराचं, घरच्या जबाबदारीचं आणि गावाकडच्या जवानांचं कारण मानलं नाही. बायका अशा आणि पुरुष तसे, या ठरीव समजुती आहेत, मानसिकता बदला, असं सांगितलं. महिला अधिकाऱ्यांना कायम नोकरी द्या, आणि प्रमुखपदाची वाट त्यांना सरसकट बंद ठेवता येणार नाही, असा आदेश झाला. निकालात महिला अधिकाऱ्यांच्या कामाचे दाखलेही दिले. एक मेजर मिताली मधुमिता यांचा. २०१० साली काबूलमध्ये भारतीय लोक उतरले होते तिथं हल्ला झाला, तेव्हा त्यांनी धावून जाऊन जखमींना बाहेर काढलं. शौर्यासाठी त्यांना सेना पदक मिळालं. दुसरा सोफिया कुरेशी यांचा. २०१६ साली आपल्या शेजारी पुण्याला अठरा देशांच्या फौजांचा एकत्र सराव झाला, त्यात भारताच्या तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं. अठरा देशांत नेतृत्व करणारी बाई ही एकटीच. त्या तुकडीतल्या जवानांनी तिचा हुकूम मानलाच ना?

निकाल लागला म्हणजे सगळं झालं असं नाही. कायम नोकरीसाठी महिला अधिकाऱ्यांची निवड सुरू झाली, तर चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना शरीराचे तेच निकष लावले, जे पुरुषांना तरुणपणी कायम करताना लावले होते. पुरुषांनी तो टप्पा तिशीच्या आत पार केला होता. शिवाय वर्षाच्या अहवालांचे गुण. वरच्या साहेबांनी ते गुण बायकांना उरकल्यासारखे दिलेले होते, कारण हिला कुठं पुढं जायचंय, चांगले गुण दिले काय नि न दिले काय. चौदा वर्षं असं चाललं आणि मग तेच गुण निवडीला धरले. बायकांना पुन्हा न्यायालयात जावं लागलं. मार्च २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, ही मोजणी वरून सारखी दिसते, पण बायकांवर अन्याय करणारी आहे.

रोजचा त्रास म्हणतात तो हा. कुणी तोंडावर अपमान करत नाही. सलामही ठोकतात. पण कागदावर हळूच कमी लिहितात.

तरी पावलं पुढं पडली. २०२३ मध्ये शंभराहून जास्त महिला अधिकाऱ्यांची कर्नल हुद्द्यासाठी निवड झाली आणि त्यांच्या हाती तुकड्या आल्या. त्याच वर्षी तोफखान्यात पहिल्यांदा बायका अधिकारी झाल्या. पायदळ आणि रणगाड्यांच्या दळांत मात्र अजून त्यांना घेत नाहीत. खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आपल्याला घाट चढला की पलीकडे. तिथं २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीनं संचलन करत बाहेर पडल्या.

त्यामुळे ज्यांच्या मुली शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. एनडीएची परीक्षा बारावीवर असते, बारावीत असतानाही देता येते, आणि ती वर्षातून दोनदा होते. पदवी झाल्यावर वेगळी परीक्षा देऊन चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतून अधिकारी होता येतं. नाशिकला राज्य सरकारची मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, दहावीनंतर तिथं जाता येतं. अधिकारी न होता जायचं तर लष्करी पोलिसांत मुलींची अग्निवीर म्हणून भरती होते. पहिल्या तुकडीतल्या ८३ मुली २०२१ मध्ये बाहेर पडल्या. आणि घरात कुणी माजी सैनिक असेल, कुणी सैनिकाची विधवा असेल, तर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदलेलं आहे का ते बघा. सवलती आणि शिष्यवृत्त्या तिथूनच कळतात. विधवा बाईनं स्वतः जावं, दिराला पाठवून मोकळं होऊ नये. पेन्शन तिच्या नावाची आहे, सहीही तिचीच लागते.

आता शेवटचं. या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि तीन गोष्टींवर बोला. पहिली, आपण एकमेकींना कुठल्या नावानं हाक मारतो? गटाच्या अध्यक्षाला 'अध्यक्षताई' म्हणतो, की अजून अमक्याची बायको? दुसरी, आपल्या अध्यक्षानं, सचिवानं ठरवलेलं आपण स्वतः मानतो का, की घरी जाऊन नवऱ्याला विचारून दुसऱ्या दिवशी बदलतो? बाईचा हुकूम बाईनंच मानला नाही तर पोरांना काय सांगणार? आणि तिसरी, घरातल्या मुलग्याला या आठवड्यात एक काम सांगा, जे आजवर बहिणीच्या माथी होतं, आणि ते त्यानं केलं का ते पुढच्या बैठकीत सांगा. आम्ही आमच्या गटात भांडी घासण्यापासून सुरुवात केली आहे. दोन घरांत जमलं, एका घरात सासूबाईंनी पोराच्या हातातून ताट काढून घेतलं! तिथं पुन्हा प्रयत्न चालू आहे.

उद्या आपल्यातल्या कुणाचा लेक फौजेत जाईल आणि त्याची कर्नल बाई असेल. त्या दिवशी "गावाकडचा आहे, बाईचं ऐकणार नाही" असं कुणाला म्हणता येऊ नये. आणि कुणाची लेक ती कर्नल असेल, तर तिला विचारायला वरच्यांनी खिंड येईपर्यंत थांबू नये.

बैठकीत काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. नमस्कार.